आवतण

ज्या दिवशी मोहनरावांनी मुक्या जनावरांवर दया करायची मंडळी काढली, त्या दिवशी दोन पाहुण्यांची गाडी गेवराईहून ओढून आणणारा बैल त्यांच्या दारात घामानं निथळत उभा होता, आणि त्याला पाणी दाखवायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते एकट्या केशरबाईच्या. तिनं पाहुण्यांसाठी भरून ठेवलेली घागर उचलली आणि सगळ्यांच्या देखत बैलापुढे रिकामी केली.

"वहिनी, ते पाहुण्यांचं पाणी होतं," मोहनराव म्हणाले.

"पाव्हणे गाडीत बसून आले, भावजी. वढून आला तो ह्यो."

मोहनराव हे केशरबाईचे धाकटे दीर. नवरा वारल्यावर उमापुरातली निम्मी जमीन केशरबाई आपल्या हिकमतीवर करत होती आणि निम्मी मोहनराव लोकांच्या हिकमतीवर. दिराला लिहिता-वाचता येत होतं. केशरबाईला आपलं नाव तेवढं ओळखता यायचं, तेही अक्षर ठळक असेल तर. त्या साली मोहनराव कुठल्याशा व्यापाऱ्याच्या लग्नाला जालन्याकडे गेले होते आणि तिथल्या शेटजींनी चालवलेली पांजरपोळ बघून आले. म्हातारी, लंगडी जनावरं तिथं सुखानं चरत होती म्हणे. पण मोहनरावांच्या डोळ्यांत भरली ती जनावरं नव्हेत. शेटजींच्या गळ्यातला हार भरला.

परत येऊन त्यांनी 'श्री गोवृषभ जीवदया प्रसारक मंडळी' स्थापन केली. हे नाव एका दमात कुणाला घेता येईना. स्वतः मोहनरावही 'वृषभ'वर एकदा थांबून श्वास घेत.

गावाबाहेर ओढ्याकाठी पडका गोठा होता. त्याला कुड घातला, फाटक लावलं, कुलूप आणलं. पंचक्रोशीतून म्हातारे बैल यायला लागले. त्या साली पाऊस मृगात तोंड दाखवून गेला तो आलाच नाही. श्रावण आला तरी गायरान खरवडल्यासारखं उघडं. ज्यांच्याकडे कडबा नव्हता ते म्हातारा बैल बाजार दाखवण्यापेक्षा मंडळीकडे आणून सोडत आणि हात जोडून घरी जात. मंडळीचं नाव होत होतं.

केशरबाईकडे गुलब्या होता. लाल रंगाचा, तोंडाशी पांढरट, उजवं शिंग टोकाला मोडलेलं. चौदा वर्षं त्यानं तिच्या मळ्यातली मोट ओढली. नवरा गेला त्या साली घरात माणसं रडत बसली होती, तेव्हा गुलब्या सवयीनं आपल्या आपण विहिरीच्या धावेवर जाऊन उभा राहिला होता, आणि मग केशरबाईलाही डोळे पुसून उठावं लागलं होतं. आता त्याच्या गुडघ्यांत जोर नव्हता.

"दान द्या त्याला, वहिनी," गोठ्यात अजून एकही बैल आला नव्हता तेव्हाच मोहनराव म्हणाले होते. "मंडळीतला पहिला बैल तुमचा असू द्या. मोठ्या घरानं पाऊल टाकलं की बाकीचे मागून येतात."

आषाढी एकादशीला पंधरा लोकांसमोर केशरबाईनं तुळशीचं पान ठेवून गुलब्याच्या नावानं उदक सोडलं. सोबत दोन गाड्या कडबा दिला. मोहनरावांनी तिचं नाव मोठ्यानं पुकारलं, बायका पदर सावरून तिच्याकडे बघायला लागल्या. खोटं कशाला, केशरबाईला ते गोड लागलं. इतकं गोड की गुलब्या फाटकातून आत जाताना मागं वळून बघत होता, ते तिनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

दीड महिन्यानं नबी नालबंद तिच्या तरण्या बैलांना नाल ठोकायला आला. नबी कमी बोलायचा. त्या दिवशी तर नाल ठोकून झाले, हत्यारं पिशवीत गेली, तरी तो उठेना.

"काय हाय रे?" केशरबाईनं विचारलं.

"आक्का, तुमी गुलब्याला बघाया गेलत्या का?"

"कावून?"

"असंच."

"नबी, असंच बोलायला तू काय मंडळीत हाईस? नीट सांग."

नबीनं सांगितलं. दर शुक्रवारी नमाज झाली की तो ओढ्याकडे जायचा. जुवानं सोललेल्या खांद्यांवर हळद आणि कडुलिंबाचं तेल लावायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला सांगितलं नव्हतं. "एकतीस बैल हायेत, आक्का. दवा म्या लावतो, पन प्वाटाला काय लावू? गुलब्या आता बसला की उठत न्हाई. पोळ्याच्या पल्याड जात न्हाई तो."

पोळा सहा दिवसांवर होता.

"आन माझा कडबा?"

"तहसीलदार सायबाचा मुक्काम पडलाय ना आंबराईत? त्येंच्या घोड्यांच्या सरबराईला गेला."

केशरबाई तशीच उठली. फाटकाशी सुग्रीव राखणदार खाटेवर पडला होता. तिला बघून तो उभा राहिला, पण कुलूप काढीना.

"ठराव लागतो, बाई. ठरावाबिगर आत कुणाला सोडायचं न्हाई आन चारा बी टाकायचा न्हाई."

"मग ठराव कावून झाला न्हाई?"

"मागल्या पुनवेला मंडळी जमलती. पोळ्याला समद्यांनी फेटा केशरी बांधायचा का गुलाबी, त्याच्यात दिवस बुडाला."

"काय ठरलं?"

"गुलाबी."

केशरबाईनं कुडाच्या फटीतून आत बघितलं. बैल उभे होते ते एकमेकांना टेकून. एक जण कुडाचीच काटकी चघळत होता. गुलब्या कोपऱ्यात बसला होता. तिनं जिभेनं चुचकारलं, मोटेवर करायची तशी. त्याचा कान हलला. मग त्यानं पुढचे पाय रोवले, अंग उचलायला बघितलं आणि पुन्हा खाली बसला. हाक आली की जायचं, एवढंच त्याला आयुष्यात शिकवलेलं. ते त्याला आता जमत नव्हतं आणि त्याचीच त्याला लाज वाटत असावी, असा तो मान फिरवून बसला.

ती तडक मोहनरावांच्या ओसरीवर गेली. मोहनराव फेट्याचं कापड उन्हात धरून बघत होते.

"भावजी, कडबा घोड्यांनी खाल्ला."

"वहिनी, साहेबांनी शिफारस लिहिली की सरकारातून मंडळीला गायरान मिळतं. मग बैलच बैल, चाराच चारा. बारीकसारीक गोष्टीत जीव अडकवू नये."

"तवर बैलांनी काय करावं?"

"धीर धरावा."

"त्यांना ठराव करून कळवलंत का?"

मोहनराव हसले. त्यांचं हसणं खानदानी होतं, त्यात ऐकून घेणं नसायचं. केशरबाईच्या ओठांवर आलं, माझा गुलब्या मला परत द्या. पण ते तिनं ओठांवरच अडवलं, आणि अडवलेलं मोहनरावांना दिसलं.

"न्या की परत," ते गोड आवाजात म्हणाले. "मंडळी अडवणार नाही. फक्त लोक विचारतील, केशरबाईंनी उदक सोडलेलं दान परत नेलं, ते कसं काय? मी काय सांगू त्यांना?"

केशरबाईनं पदर खोचला आणि ती घरी आली. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी एक गाडी कडबा पाठवला. तो फाटकापर्यंत गेला, तिथून वळला आणि 'मंडळीचं कोठार' म्हणून मोहनरावांच्या परड्यात जाऊन बसला. घोडी अजून मुक्कामालाच होती. आता गावात दोनच गोष्टी बोलल्या जाणार होत्या. एक तर केशरबाईनं सोडलेलं उदक मागं घेतलं, नाही तर केशरबाईचा बैल दानात उपाशी मेला. पहिली ऐकून ती गावात मान वर करून चालू शकली नसती. दुसरीनं तिला मळ्यातल्या विहिरीकडे बघवलं नसतं. पाच दिवस तिनं सुनांना, गड्यांना, मांजरालासुद्धा सरळ उत्तर दिलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला त्या संध्याकाळी तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. धन्यानं आपल्या तोंडानं बोलावल्याशिवाय बैल पोळ्याचा घास घेत नाही, असं घरोघर मानतात. मंडळीचीही खांदेमळणी व्हायची होती आणि ती बघायला तहसीलदार साहेब येणार होते.

ओढ्याकाठी सतरंजी आली, खुर्ची आली, अत्तराची कुपी आली. चाऱ्याची पेंढी तेवढी आली नाही. पुढचे तीन बैल धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून उभे केले होते. बाकीच्यांच्या पुढं कनात लावली होती. सगळं गाव जमलं. मंडळी गुलाबी फेटे बांधून एका रांगेत बसली, जशी काही सगळी एकाच नवरीला बघायला आली होती.

मोहनरावांनी जन्मात कधी बैलाचा खांदा मळला नव्हता. ते काम गडी करत. त्यांनी दोन बोटं तुपात बुडवली आणि सोललेल्या खांद्यावर टेकवली. बैल शहारून मागं सरला, मोहनराव त्याहून मागं सरले.

तहसीलदार साहेब हैदराबादकडचे, वयानं पोक्त. त्यांनी कुतूहलानं विचारलं, "अब क्या कहते हैं इन से?"

"दावत देतो, हुजूर!" मोहनराव छाती काढून म्हणाले. शब्द त्यांनी लांबून कधीतरी ऐकले होते, नीट पाठ नव्हते. पाठ होत्या त्या लग्नपत्रिका. त्यांनी हात जोडले आणि सभेत बोलायच्या आवाजात सुरू केलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या! सर्वांनी अगत्य येण्याचे करावे! सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह!"

गर्दीत एक जण खोकल्यासारखा हसला. मग बऱ्याच जणांना खोकला झाला. बैलाला सहकुटुंब बोलावणारा माणूस उमापुरानं पहिल्यांदाच बघितला होता.

केशरबाई हसली नाही. ती बायकांतून दोन पावलं पुढं आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अदबीनं विचारलं, "भावजी, आवतण कुनाच्या घरचं?"

"कुणाच्या म्हणजे? आमच्या! मोहनरावाच्या घरचं!"

"समद्यांना?"

"सगळ्यांना!"

"वाह," साहेब म्हणाले. "बैलों की दावत! हम भी देखेंगे."

साहेबांना तर तसंही दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलंच होतं. मोहनरावांनी मान लववली. घरी जाताना ते दोनदा म्हणाले, आज वहिनी शहाण्यासारख्या वागल्या.

पोळ्याला सूर्य कासराभर वर आला आणि केशरबाई फाटकाशी हजर झाली. बरोबर नबी होता.

"सुग्रीव, कुलूप काढ."

"ठराव, बाई..."

"ठराव कशाला? अध्यक्षानं साऱ्या गावाम्होरं आवतण दिलंय. जेवायला निघालेल्या पाव्हण्याला कोंडून ठिवतोस व्हय? उद्या तुज्याच मालकानं इचारलं, पाव्हणे कावून आले न्हाईत, तर काय सांगशील?"

सुग्रीवनं डोकं खाजवलं. यातलं एकही वाक्य त्याला खोडता येईना. त्यानं किल्ली काढली. खरं तर त्यालाही महिनाभर झोप लागत नव्हती. उपाशी बैल हंबरत नाही, नुसता सुस्कारे सोडतो, आणि ते खाटेपर्यंत ऐकू येतात.

गुलब्याला उठवायला तिघं लागले. नबीनं पोटाखालून पोतं घातलं, सुग्रीवनं शेपटीकडून उचललं, केशरबाईनं पुढून चुचकारलं. तो उभा राहिला. थरथरला, पण उभा राहिला.

एकतीस बैलांची दिंडी गावात शिरली. घाई कुणालाच नव्हती, घाई करायला अंगात काही शिल्लकच नव्हतं. वाटेत ज्याच्या-त्याच्या लक्षात आलं की आवतण सहपरिवार आहे. मग कुणी लंगडी गाय सोडली, कुणी आंधळी म्हैस, एका म्हातारीनं तर शेळी आणली. "इष्टमित्र हाय," ती म्हणाली.

मोहनरावांच्या अंगणात पंगत बसली होती. साहेब चौरंगावर, शेजारी गुलाबी मंडळी, पुढ्यात पत्रावळी, त्यावर पुरणपोळ्या. मोहनरावांची बायको साखराबाई तुपाची वाटी घेऊन वाढत होती. दारात आधी एक मोडकं शिंग आलं आणि मागून गुलब्या.

"हाकला! हाकला बे त्यांना!" मोहनराव ओरडले.

साखराबाईच्या हातातली वाटी थांबली. गरीब बाई, नवऱ्यापुढं कधी बोलली नव्हती. "अवो, पोळ्याच्या दिशी दारात आलेला बैल हाकलत्यात व्हय? आपलंच आवतण हाय. साऱ्या गावानं ऐकलंय." आणि तिनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि कुंकू आणलं. गुलब्याच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं. तिच्यामागून दुसरा आला, तिसरा आला. अंगण भरलं. गुलब्यानं मंडळीतल्या एका कुलकर्ण्यापुढची पत्रावळ ओढली आणि पोळीसकट, टाक्यांसकट खाल्ली. कुलकर्णी भिंतीला चिकटून उभा राहिला. शेळीनं गुलाबी फेट्याचा शेमला धरला.

"पोळी जास्ती देऊ नका, मरतेल!" नबी ओरडला. "आधी पानी! मग कडबा, मूठमूठ!"

"कडबा कुठला आणू आता?" मोहनराव म्हणाले.

"मंडळीचं कोठार हाय की परड्यात," केशरबाई म्हणाली. "म्याच भरलंय."

परड्याचं दार उघडलं. साहेब जेवणाचा हात तसाच धरून उभे राहिले. रंगवलेले तीन बैल त्यांनी काल बघितले होते, अठ्ठावीस आज बघत होते. एकाच्या फासळ्यांवरून त्यांनी डावा हात फिरवला.

"ये सब आपकी मंडली के हैं?"

मोहनरावांनी 'हो' म्हणावं की 'नाही' याचा विचार केला. दोन्हींत सारखंच नुकसान होतं.

"दावत चलने दीजिए," साहेब म्हणाले. "हमारे घोड़े कल से अपना चारा लाएँगे. पंद्रह रोज़ में हम फिर देखेंगे."

मंडळीच्या इतिहासात बैलांना पोटभर मिळालेला तो पहिला दिवस. आणि पाहुणे काही उठून जाईनात. दुसऱ्या दिवशी होते, तिसऱ्या दिवशीही होते. ओसरीवर शेण, ओट्यावर मूत, आणि साहेब पुन्हा बघणार म्हणून कडबा रोज टाकावाच लागे. मंडळीतले बाकीचे सगळे एकाएकी बाहेरगावी गेले. चौथ्या दिवशी मोहनराव केशरबाईच्या दारात आले. मागं दहा-बारा रिकामी माणसं मजा बघायला होतीच.

"वहिनी, तुमचा बैल न्या."

"दिलेलं म्या परत घेत न्हाई. तुमीच शिकवलंत."

"मग आवतण द्या! आवतणाला तर कुणी परत घेणं म्हणत नाही?"

केशरबाईच्या मनात नेमकं हेच होतं, चार दिवसांपासून. ती कुंकवाचा करंडा घेऊन आली, मोहनरावांच्या अंगणात गेली, गुलब्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "आज आवतण घे, उद्या जेवायला ये."

"असं कोरडं?" मोहनराव मोठ्यानं म्हणाले. "मोठ्या घरचं आवतण आणि एकट्याला? आम्ही तरी सहपरिवार म्हणालो होतो. वहिनींना इतकी माणसं परवडत नसतील तर राहू द्या."

माणसं केशरबाईकडे बघायला लागली. तिनं दिराकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, या माणसाला अगदीच अक्कल नाही असं नाही. घशाशी आलेली शिवी तिनं गिळली. मागं उभे असलेले तीस बैल तिच्याकडे बघत होते. त्यांना तिच्या मोठेपणाशी काही देणंघेणं नव्हतं.

"सहपरिवार," केशरबाई दात खाऊन म्हणाली.

अशी ती मंडळी मळ्यात आली. केशरबाईचा कडबा एकतीस तोंडांना दिवाळीपर्यंतही पुरणार नव्हता, हे तिला त्याच संध्याकाळी कळलं. मग ती निघाली. उमापुरातलं एक घर सोडलं नाही. पेंढी द्या म्हणायची, पण हातात घ्यायची नाही. "माज्याकडं देऊ नका. मळ्यात या, तुमच्या हातानं टाका आन बैलानं खाल्लेली बघून मग घरी जावा. नाव-बिव पुकारायचं न्हाई. बैलाला वाचता येत न्हाई, मला बी न्हाई."

लोक आधी हसले, मग यायला लागले. तोंडापुढं टाकलेली पेंढी करकर वाजत जाते ते ऐकायची माणसांना चटक लागली. नबीला तिनं खांद्यांचं आणि खुरांचं सगळं काम सोपवलं, आणि त्याच्या घरच्या जोंधळ्याची काळजी आपल्याकडे घेतली. सुग्रीव कुलूप-किल्ली फेकून तिच्याकडे पाणी शेंदायला आला. साखराबाई दर सोमवारी एक भारा घेऊन यायची. मोहनराव एकदाच आले, एक पेंढी घेऊन. इकडंतिकडं बघितलं, कुणी बघत नाही म्हणून खट्टू झाले.

"टाका की," केशरबाई म्हणाली. "बैल बघतोय."

त्यांनी टाकली. बैलानं खाल्ली. मोहनराव जरा वेळ उभे राहिले, हवा होता त्यापेक्षा जास्त वेळ.

सगळे बैल वाचले नाहीत. चार गेले. त्यांतल्या एकाला तर कुणाचा, कुठला, तेही कळलं नाही. केशरबाईनं त्या चौघांना बांधावर पुरलं.

गुलब्याला रोज सकाळी पोतं लावून उठवावं लागे. दसऱ्याच्या आधी दोन दिवस नबी आणि सुग्रीव पोतं घेऊन आले तेव्हा केशरबाई बांधावर उभी होती. तिनं हात वर करून त्यांना थांबवलं.

गुलब्यानं पुढचे गुडघे टेकले. मागचे पाय रोवले. थांबला. पुन्हा जोर केला. तोंडातून फेसाची तार लोंबली. नबीचा पाय पुढं पडायला लागला, तर केशरबाईनं त्याची बाही धरली. मग पाठ वर आली, मान वर आली, आणि तो चारी पायांवर उभा राहून अंग झाडायला लागला.

"आला का माज?" केशरबाई त्याच्यावर खेकसली. "दीड महिना तीन-तीन माणसं राबवून घेतली, आन आता उठतोस व्हय रे? नवाबासारखा?"

गुलब्या तिच्याकडे न बघता हळूहळू कडब्याच्या गंजीकडे चालायला लागला. वाटेत एकदा अडखळला. केशरबाई तिथंच उभी होती. नबीची बाही अजून तिच्या मुठीत होती.